विझल्यावर मोजलेले तारे

हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगे सुटणार असले, की आसपासच्या जिल्ह्यांसाठी एक जाहीर सूचना निघते. पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे रात्री किंवा पहाटे सोडतात. तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर ते काही तास तरंगतात आणि मग त्यांना बांधलेली उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात. कुठे येतील, याचं सूचनेतलं उत्तर असं असतं: विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटर अंतरात. अक्कलकोट आणि सोलापूर शहर दोन्ही या टप्प्यात बसतात. शेतात अशी पेटी दिसली तर ती उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं, अशी विनंतीही त्यात असते.

वाऱ्याच्या दिशेमुळे सोलापूरचं नाव त्या रेषेवर आलं. पण या फुग्यांमधून जे शास्त्र आपल्याकडे रुजलं, त्याची गोष्ट सोलापूरकरांनी आपली म्हणून वाचावी इतकी जवळची आहे. एप्रिल १९६८मध्ये संस्थेच्या गटाने हैदराबादहून फुग्यातून एक क्ष-किरण दुर्बीण वर पाठवली. बी. व्ही. श्रीकांतन आणि पी. सी. अग्रवाल हे त्या गटात होते. लक्ष्य होतं वृश्चिक राशीतलं एक ठिकाण, ज्याचं नाव स्को एक्स-१. सूर्य सोडला तर आकाशात क्ष-किरणांनी एरवी सर्वांत जास्त उजळलेली जागा हीच.

फुगा लागतो तो हवेमुळे. आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिचा भार दहा मीटर पाण्याइतका आहे. दवाखान्यात हाडांपर्यंत पोचणारा क्ष-किरण एवढा थर पार करू शकत नाही. चाळीस किलोमीटरवर मात्र हवेचा हजारातला तीनएक भागच डोक्यावर उरतो आणि जास्त ऊर्जेचे किरण तिथवर उतरतात. कमी ऊर्जेच्या किरणांसाठी आणखी वर, म्हणजे रॉकेटने किंवा उपग्रहानेच जावं लागतं. स्को एक्स-१चा शोधही रॉकेटनेच लागला. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून एक रॉकेट सोडलं. चंद्रावरून क्ष-किरण येतात का, हे त्यांना पाहायचं होतं. जेमतेम सहा मिनिटांच्या निरीक्षणात चंद्राऐवजी वृश्चिकेच्या दिशेने प्रचंड क्ष-किरण येताना दिसले. जियाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं त्याचं मूळ या सहा मिनिटांत आहे.

पण तिथे नक्की काय आहे, हे क्ष-किरणांनी सांगितलं नाही. त्या काळच्या उपकरणांना दिशा फार ढोबळ कळायची. उपकरणं सुधारली, जागा नेमकी ठरली आणि १९६६मध्ये टोकियो आणि पालोमार इथल्या साध्या प्रकाशाच्या दुर्बिणींनी तिथे साधारण तेराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) एक निळसर तारा दाखवून दिला. तोपर्यंत छायाचित्रांवर असंख्य ठिपक्यांत तो एक ठिपका होता. माझ्या मते या विषयातला खरा आरंभ हा आहे. क्ष-किरण बातमी देतात. पण बातमी कोणाची, तो किती दूर, किती जड, कोणाबरोबर फिरतो, ही चौकशी शेवटी डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातच करावी लागते. गेल्या साठ वर्षांत क्ष-किरण उपग्रह कितीही चांगले झाले, तरी हे बदललेलं नाही.

आता तो ठिपका म्हणजे काय, ते पाहू. स्को एक्स-१ ही एक जोडी आहे. जोडीतला एक जण न्यूट्रॉन तारा: सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे एखाद्या शहराएवढा. दुसरा एक साधा तारा. दोघे १८.९ तासांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. इतके जवळ, की साध्या ताऱ्याच्या बाहेरच्या थरातला वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो. हा वायू सरळ खाली पडत नाही, कारण त्याला फिरण्याचा वेग असतो. तो न्यूट्रॉन ताऱ्याभोवती चकतीच्या आकारात गोळा होतो, आतल्या आत घासत, तापत हळूहळू केंद्राकडे सरकतो. आतल्या कडेला तापमान कोटी अंशाच्या घरात जातं आणि तिथून क्ष-किरण निघतात. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो. न्यूट्रॉन ताऱ्यावर नुसतं पडण्याने दहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा सुटते. विश्वात पडण्यासारखा किफायतशीर दिवा क्वचितच असेल.

आणि दिसणारा प्रकाश? तो मुख्यतः चकतीच्या बाहेरच्या भागातून येतो. आतून निघालेले क्ष-किरण चकतीच्या बाहेरच्या थरावर आणि शेजारच्या ताऱ्याच्या समोरच्या बाजूवर आदळतात, तो भाग तापतो आणि निळसर प्रकाशाने उजळतो. म्हणजे दुर्बिणीत आपण पाहतो तो बराचसा प्रकाश परतून आलेला असतो. याचा अतिशय देखणा पुरावा दक्षिण आकाशातल्या ४यू १६३६-५३६ या जोडीने दिला. काही न्यूट्रॉन ताऱ्यांवर साठलेला वायू अचानक अणुस्फोटासारखा पेटतो आणि काही सेकंदांचा क्ष-किरणांचा झोत निघतो. या जोडीत तसा झोत आला की दोन-तीन सेकंदांनी दिसणारा प्रकाशही वाढतो. तो उशीर म्हणजे क्ष-किरणांना आजूबाजूच्या वायूपर्यंत पोचायला लागलेला वेळ. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्यावरून अख्ख्या जोडीचा पसारा दहाएक लाख किलोमीटरचा आहे हे कळतं. सूर्याच्या व्यासाहूनही हा पसारा लहान. हजारो प्रकाशवर्षं दूरच्या, कोणत्याही दुर्बिणीत एका बिंदूपलीकडे न दिसणाऱ्या वस्तूची लांबी-रुंदी घड्याळाने मोजता येते, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला फार मोठा आनंद झाला होता, आणि अजून तो ओसरलेला नाही.

स्को एक्स-१ कायम पेटलेली आहे. क्ष-किरण नोव्हा वेगळे. ते वर्षानुवर्षं, दशकानुदशकं गप्प असतात आणि एके दिवशी हजारो-लाखो पटींनी उजळतात. कारण चकतीत आहे. शेजारच्या ताऱ्याकडून वायूची धार बारीक असेल, तर तो चकतीत साठत राहतो. थंड असल्यामुळे आत सरकत नाही. साठा वाढतो तसं तापमान वाढतं. ते काही हजार अंशांपुढे गेलं की हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, चकतीचा स्वभावच बदलतो, घर्षण वाढतं आणि साठलेला वायू एकदम आत धावतो. उजनीचा जलाशय पावसाळाभर मुकाट भरत राहतो आणि दरवाजे उघडले की पंढरपूरला चंद्रभागेचं पात्र काही तासांत बदलतं, तसंच हे. फरक इतकाच, की इथे दरवाजा उघडणारा कोणी नाही. पातळीच स्वतःला उघडते.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं नाव ए ०६२०-००. ऑगस्ट १९७५मध्ये ब्रिटनच्या एरियल-५ उपग्रहाला मृगाच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहात एक नवा क्ष-किरण स्रोत दिसला. बघता बघता तो स्को एक्स-१च्याही पुढे गेला आणि सूर्य वगळता तोवर पाहिलेला सर्वांत तेजस्वी क्ष-किरण स्रोत ठरला. दिसणाऱ्या प्रकाशात तो अकराव्या प्रतीच्या आसपास पोचला. मग हार्वर्डच्या वेधशाळेतल्या जुन्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या चाळल्या, तेव्हा १९१७ सालच्या पट्ट्यांवर तोच तारा आधीही एकदा उजळलेला सापडला. क्ष-किरण खगोलशास्त्र जन्माला येण्याच्या पंचेचाळीस वर्षं आधीचा उद्रेक कोणीतरी नकळत टिपून ठेवला होता. जुनं निरीक्षण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही म्हणून ते जपावं लागतं, हे खगोलशास्त्रज्ञांना अशा प्रसंगांनी शिकवलं.

वर्षभराहून थोड्या जास्त काळात ए ०६२०-०० विझला. क्ष-किरण उपग्रहांच्या दृष्टीने गोष्ट संपली. प्रकाशाच्या दुर्बिणींच्या दृष्टीने मात्र ती तेव्हाच सुरू झाली. उद्रेक चालू असताना चकती इतकी उजळते की शेजारचा साधा तारा तिच्यात हरवून जातो. चकती विझली की तो दिसू लागतो. अठराव्या प्रतीचा मंद, नारिंगी तारा. पण त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेता येतो. ताऱ्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असला तर त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असला तर तांबड्या बाजूला. किती सरकल्या यावरून वेग, आणि किती वेळाने पुन्हा जागेवर आल्या यावरून फेरीचा काळ. एवढ्या दोन आकड्यांवरून न दिसणाऱ्या जोडीदाराचं किमान वस्तुमान निघतं. त्याहून ते कमी असूच शकत नाही. शेजारचा तारा किती जड आहे किंवा कक्षा किती कललेली आहे हे माहीत नसलं तरी चालतं.

१९८६मध्ये जेफ्री मॅक्लिंटॉक आणि रोनाल्ड रेमिलार्ड यांनी ए ०६२०-००साठी हे केलं. फेरी ७.७५ तासांची, शेजारी ताऱ्याचा वेग सेकंदाला चारशे किलोमीटरहून जास्त. किमान वस्तुमान निघालं ३.१८ सूर्य. न्यूट्रॉन तारा साधारण तीन सूर्यांपेक्षा जड असू शकत नाही, तो कोसळतो. म्हणजे जोडीदार कृष्णविवर असणार हे जवळजवळ नक्की झालं. तरी तीन आणि ३.१८ यांत अंतर फार नव्हतं, शंकेला जागा होती. ती मिटवली हंस तारकासमूहातल्या व्ही ४०४ सिग्नी या ताऱ्याने. मे १९८९मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाने त्याचा उद्रेक पाहिला. १९३८मध्ये जर्मनीतून त्याच जागी एक नवतारा नोंदला गेला होता, तो हाच निघाला. होर्गे कासारेस, फिल चार्ल्स आणि टिम नेलर यांनी कॅनरी बेटांवरच्या ४.२ मीटर दुर्बिणीतून विझलेल्या ताऱ्याचे वर्णपट घेतले. फेरी ६.४७ दिवस, वेग सेकंदाला सुमारे २१० किलोमीटर. १९९२मध्ये त्यांनी निकाल छापला: किमान ६.२६ सूर्य. वाद संपला. आज त्या कृष्णविवराचं वस्तुमान नऊ सूर्यांच्या आसपास मानतात. २०२४मध्ये तर कळलं, की या जोडीपासून खूप दूर एक तिसरा ताराही तिच्याबरोबर चालला आहे. तो उपलब्ध छायाचित्रांत वर्षानुवर्षं दिसत होता. दोघांची चाल एकच आहे हे गाया उपग्रहाच्या मोजणीतून लक्षात आलं. हेही काम साध्या प्रकाशाचंच.

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या बाबतीत वजन आणखी मोलाचं. तिथे तीन सूर्यांची मर्यादा ओलांडली की नाही हा प्रश्न नसतो; त्या मर्यादेच्या आत तारा किती जड होऊ शकतो यावरून अणुगर्भातल्या द्रव्याचा कणखरपणा ठरतो, जो पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत तसा तपासता येत नाही. इथे एक मराठी नाव अभिमानाने घ्यावंसं वाटतं. आज आयआयटी मुंबईत असलेले वरुण भालेराव कॅलिफोर्नियात संशोधन करत असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, एम ३३ या दीर्घिकेतल्या एका क्ष-किरण जोडीतल्या मोठ्या ताऱ्याचे वर्णपट हवाईच्या केक दुर्बिणीने घेतले. जवळपास तीस लाख प्रकाशवर्षांवरच्या त्या जोडीतल्या न्यूट्रॉन ताऱ्याचं वस्तुमान २.० सूर्य, चूकभूल ०.४, असं २०१२मध्ये छापलं गेलं. अनिश्चितता मोठी आहे. पण दुसऱ्या दीर्घिकेतला न्यूट्रॉन तारा तागडीत टाकता आला, हेच विलक्षण.

ज्या जोड्या कधी विझतच नाहीत, त्यांचं काय? स्को एक्स-१मध्ये चकतीच्या झगमगाटात शेजारी तारा चाळीस वर्षं दिसला नाही. २००२मध्ये डॅनी स्टीग्स आणि कासारेस यांनी तो वेगळ्या वाटेने शोधला. क्ष-किरणांनी तापलेल्या त्याच्या समोरच्या बाजूवरून नायट्रोजन आणि कार्बनच्या बारीक, तीक्ष्ण रेषा निघतात, आणि त्या जोडीच्या फेरीनुसार पुढे-मागे सरकतात. चकतीच्या रेषा रुंद आणि फासटलेल्या असतात, त्यामुळे या रेषा निवडता येतात. आणि गरुड तारकासमूहातला अक्विला एक्स-१ बघा: जवळजवळ दरवर्षी उद्रेक करणारा न्यूट्रॉन तारा. अर्ध्या विकलेहूनही कमी अंतरावर दुसराच एक तारा त्याच्या शेजारी चिकटलेला दिसतो, आणि कितीतरी वर्षं निरीक्षक त्या भलत्याच ताऱ्याचा प्रकाश मोजत होते. १९९०च्या दशकाच्या शेवटी खरा तारा वेगळा काढता आला.

काही ठिकाणी साधा प्रकाश हरतोही. गरुडातला जीआरएस १९१५+१०५ हा १९९२मध्ये पेटलेला कृष्णविवराचा स्रोत मधल्या धुळीमुळे दृश्य प्रकाशात दिसतच नाही. त्याचं वजन अवरक्त किरणांनी करावं लागलं. आपल्यासाठी तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. मार्च १९९६मध्ये पीएसएलव्हीने वर नेलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर क्ष-किरण खगोलशास्त्राची भारतीय उपकरणं होती, आणि त्यांनी या स्रोताचे ठरावीक लयीतले भडके नोंदले. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्याचे रेडिओ भडके टिपले. फुग्यांपासून सुरू झालेली ही वाट २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅटपर्यंत आली. त्यावरची क्ष-किरणांची मुख्य उपकरणं मुंबईत टाटा संस्थेत घडली, एकामध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा, आणि अतिनील व दृश्य प्रकाशाची दुर्बीण त्याच उपग्रहावर. क्ष-किरण आणि प्रकाश एकाच वेळी, एकाच घड्याळाने मोजायचे, हा त्यामागचा विचार होता. तो मला अगदी योग्य वाटतो.

जमिनीवर आयुकाने गिरवलीला, पुणे–नाशिक रस्त्यापासून आत, दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली. २००६पासून ती सुरू आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी वर्णपट घेण्याची सोय महाराष्ट्रातच असावी हा हेतू. पावसाळ्यात मात्र सह्याद्रीच्या कुशीतली ही वेधशाळा बंद ठेवावी लागते, आणि उद्रेक पंचांग पाहून होत नाहीत. व्ही ४०४ सिग्नी पुन्हा पेटला तो १५ जून २०१५ रोजी, ऐन मोसमात. अठराव्या प्रतीवरून तो बाराव्याच्या आसपास आला आणि दोन आठवडे शंभर सेकंदांपासून अडीच तासांपर्यंतच्या लयींत लुकलुकत राहिला. जपानच्या मारिको किमुरा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या दुर्बिणींतली निरीक्षणं एकत्र केली. त्यांत हौशी निरीक्षकांचीही होती. कृष्णविवराच्या अगदी जवळ काय चाललंय त्याची लुकलुक वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून डोळ्याने पाहता येते, असं त्यांनी दाखवलं.

आणखी एक गोष्ट अलीकडे पुढे आली आहे. प्रकाश आधी येतो. मार्च २०१८मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० हे कृष्णविवर ६ तारखेला छोट्या स्वयंचलित दुर्बिणींच्या जाळ्याने पकडलं. क्ष-किरणांत ते ११ तारखेला दिसलं. एसएएक्स जे१८०८ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या २०१९च्या उद्रेकात प्रकाश क्ष-किरणांच्या बारा दिवस आधी वाढू लागला. चकती बाहेरून पेटू लागते आणि ती लाट आत पोचायला दिवस लागतात, याचा हा सरळ पुरावा. म्हणजे विझल्यावर वजन करणं जसं प्रकाशाचं काम, तशी आधीची चाहूलही त्याचीच.

आता सोलापूर. शहर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे स्को एक्स-१ दक्षिणेकडे ५७ अंश चढतो. ज्येष्ठेच्या थोडा वर, मे महिन्याच्या मध्यरात्री. व्ही ४०४ सिग्नी ७४ अंश आणि अक्विला एक्स-१ ७३ अंश. या विषयातलं बहुतेक महत्त्वाचं आकाश इथून उंचावर येतं. पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे पुण्याच्या घाटमाथ्यापेक्षा मोकळ्या रात्री जास्त मिळतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचे प्रयोग सोलापूर परिसरात केले, तेही हा भाग पावसाला आसुसलेला म्हणूनच. शेतकऱ्याला जी हवा जाचक, ती निरीक्षकाला सोयीची. शिवाय रेखांशाचा मुद्दा आहे. उन्हाळ्यात जपानमधली पहाट झाली की कॅनरी बेटांवर अंधार पडायला काही तास असतात; मधली रात्र भारताची. लुकलुकत्या ताऱ्याची नोंद तुटू द्यायची नसेल तर या रेखांशावर कोणीतरी जागं हवं. लडाखमधलं हान्ले, तिथली आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची स्वयंचलित ग्रोथ दुर्बीण, ही जागा काही अंशी भरते. पण एकच ठिकाण ढगाळलं की खंड पडतो.

आठ इंची दुर्बीण, साधा खगोलीय कॅमेरा, एक-दोन ठरावीक गाळण्या आणि सेकंदाला चुकणार नाही असं घड्याळ, एवढ्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला तेराव्या प्रतीच्या स्को एक्स-१ची नोंद घेता येईल. पद्धत अवघड नाही. एकाच चौकटीतले, प्रत स्थिर असलेले तारे निवडायचे, प्रत्येक छायाचित्रात लक्ष्याचा प्रकाश त्यांच्याशी ताडायचा, वेळ जागतिक वेळेत लिहायची आणि नोंद अमेरिकेतल्या परिवर्ती ताऱ्यांच्या निरीक्षक संघाकडे पाठवायची. शहराच्या दिव्यांपासून दूर, माळरानावर हे जास्त सोपं. स्को एक्स-१ रात्रीगणिक, तासागणिक बदलतो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात काहीतरी हाती लागतं. विद्यार्थ्यांचा हुरूप टिकायला ते पुरेसं आहे.

सराव झालेला असला तर पुढच्या उद्रेकाला तयारी असेल. व्ही ४०४ सिग्नीच्या दोन मोठ्या उद्रेकांत १९८९ ते २०१५ असं २६ वर्षांचं अंतर पडलं. ए ०६२०-००मध्ये १९१७ ते १९७५ असं ५८ वर्षांचं. तेवढंच अंतर पुन्हा पडलं तर साल येतं २०३३. चकती गणित पाळेल याची हमी नाही, दोनच उद्रेकांवरून लय काढता येत नाही. पण साडेतीन हजार प्रकाशवर्षांच्या आसपास असलेला हा तारा डिसेंबरच्या मध्यरात्री सोलापूरवर ७२ अंश चढतो, त्याच्या शेजारच्या तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशे तयार आहेत, आणि मागच्या वेळेसारखा अकराव्या प्रतीपर्यंत आला तर आठ इंचांत सहज दिसेल.